कारणं दोन, नियम एक: देवराईपासून नियमगिरीपर्यंत

कोकणात किंवा मावळात, देवराई राखलेल्या एखाद्या गावात जुन्या माणसाला विचारा की इथली पडलेली काटकीसुद्धा कुणी घरी का नेत नाही. उत्तर बहुतेक वेळा दोन शब्दांचं असतं: "देवाची आहे." हाच प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला विचारला तर तो अर्धा तास बोलेल. पडलेलं खोड कुजतं, त्यावर बुरशी आणि वाळवी जगते, भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, त्यांच्यावर पक्षी पोसतात. पालापाचोळ्याच्या त्या जाड थरामुळे पावसाचं पाणी धावून न जाता जमिनीत मुरतं. पहिल्याचं कारण दुसऱ्याला भाबडं वाटेल, दुसऱ्याचं पहिल्याला कोरडं. पण दोघांचा नियम तोच निघतो: काटकी उचलायची नाही.

धर्म आणि पर्यावरण हा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली भाषणं होतात. एक म्हणजे आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान आधीच ठाऊक होतं. दुसरं म्हणजे अंधश्रद्धेनं जंगलं वाचत नसतात, कायदा लागतो. पहिल्या भाषणात इंद्रायणीच्या फेसाचा उल्लेख येत नाही, दुसऱ्यात देवराईचा येत नाही. दोन्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की आता मधल्या जागेबद्दल बोलावंसं वाटतं. श्रद्धाळू आणि श्रद्धा न मानणारे, दोघंही पृथ्वी राखायला निघाले तर नेमके कुठे भेटतात? आणि तिथून पुढे किती चालू शकतात?

गाणी गावची गोष्ट

१९७०च्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि त्यांच्यासोबत पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९७५ आणि १९७६ साली त्यांचे यावरचे निबंध छापून आले. देवराई ही नुसती भाविकांची जागा नसून मूळच्या जंगलाचा शिल्लक राहिलेला तुकडा आहे, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आलं. त्याआधी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं असंही नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकातच अशा राखलेल्या वनांची दखल घेतली होती. पण ती दखलच राहिली.

वर्तक-गाडगीळांच्या कामात रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं गाणी हे गाव येतं. तिथली देवराई तोडीला निघाली होती आणि ती वाचवा म्हणून गावकऱ्यांनीच हाक दिली. कारण काय? राईतून झरा वाहत होता. राई गेली तर पाणी जाईल, एवढा साधा हिशेब. तोडणारं खातं सरकारी, म्हणजे 'वैज्ञानिक वनव्यवस्थापन' करणारं; आणि पाण्याचा मुद्दा मांडणारे गावकरी, म्हणजे शहरी नजरेला 'श्रद्धाळू'. आपल्या डोक्यातल्या दोन्ही पाट्या इथे उलट्या लागतात.

मग गाणीच्या लोकांना राई देवासाठी हवी होती की पाण्यासाठी? मला वाटतं, हा प्रश्नच बाहेरच्या माणसाचा आहे. तिथे राहणाऱ्याला देव आणि झरा वेगळे काढून दाखवायची गरज कधी पडलेली नसते. सिंधुदुर्ग-गोव्यात सातेरी देवीचं पूजन वारुळाच्या रूपात होतं. वारूळ ही मातीचीच उभारणी. देवी कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, याची रेघ तिथे कुणी ओढायला जात नाही.

श्रद्धेच्या यंत्रणेचा एक भाग जरा जवळून बघण्यासारखा आहे, तो म्हणजे कौल. राईतलं झाड खरंच हवं असेल, देवळाच्या तुळईसाठी किंवा कुणाच्या अडचणीसाठी, तर ते थेट तोडता येत नाही. देवाला विचारावं लागतं. गुरव पाषाणावर ठरलेल्या जागांवर पाकळ्या, कळ्या किंवा तांदळाचे दाणे ओल्या बोटांनी चिकटवतो. मानकरी जमलेले असतात. मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं जातं: अमक्याला अमक्या कामासाठी झाड हवंय, देवा, तुझी मर्जी सांग. मग सगळे थांबतात. उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. काहीच पडलं नाही तर आणखी थांबायचं किंवा दुसऱ्या दिवशी यायचं. रीत गावागणिक बदलते.

पाकळी कशानं पडते यावर वाद घालण्यात मला रस नाही; ओलावा, वारा, वजन, जे काही असेल ते. पण निर्णयाची पद्धत म्हणून बघा. मागणी चारचौघांत करावी लागते. कारण मोठ्यानं सांगावं लागतं. मागणाऱ्याच्या हातात निकाल नसतो. आणि वेळ जातो, त्यामुळे रातोरात कुऱ्हाड चालत नाही. आजचा पर्यावरण कायदा प्रकल्पाकडून जे मागतो, म्हणजे जनसुनावणी, लेखी कारण, स्वतंत्र छाननी, त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे. उलट आजच्या कित्येक जनसुनावण्या जितक्या घाईनं उरकल्या जातात ते बघितलं तर कौल जास्त कडक वाटावा.

एकमत नेमकं कशावर होतं?

इथे थोडं तत्त्वज्ञान लागेल. आर्न नेस नावाचे नॉर्वेचे एक तत्त्वज्ञ होते. गिर्यारोहक होते आणि गांधीजींच्या विचारांचे गाढे अभ्यासक. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'डीप इकॉलॉजी' ही कल्पना मांडली. सोप्या शब्दांत सांगायचं तर निसर्गाचं मोल माणसाला होणाऱ्या उपयोगावर ठरत नाही, त्याला स्वतःचं मोल आहे. पण आपल्या कामाची त्यांची एक वेगळीच गोष्ट आहे, ती म्हणजे त्यांनी काढलेली एक आकृती. तिचा आकार स्वयंपाकघरातल्या अ‍ॅप्रनसारखा: वर रुंद, कमरेत अरुंद, खाली पुन्हा रुंद.

वरच्या रुंद भागात माणसांच्या मुळाशी असलेल्या धारणा. कुणी बौद्ध, कुणी ख्रिस्ती, कुणी देव न मानणारा पण निसर्गापुढे नम्र होणारा. इथे एकमत होणार नाही, ते करायला जाऊही नये असं नेस म्हणत. कमरेच्या अरुंद जागी मोजकी सामायिक तत्त्वं: जीवसृष्टीला स्वतःचं मोल आहे, तिची विविधता राखली पाहिजे, अत्यावश्यक गरजेखेरीज ती कमी करायचा माणसाला हक्क नाही, वगैरे. अशी आठ कलमं नेस आणि अमेरिकी तत्त्वज्ञ जॉर्ज सेशन्स यांनी १९८४ साली लिहून काढली. आणि खालच्या रुंद भागात प्रत्येकाची प्रत्यक्ष कृती, जी पुन्हा वेगवेगळी असणार. कुणी धरण अडवेल, कुणी बी पेरेल, कुणी खटला लढेल.

म्हणजे एकमत लागतं ते फक्त कमरेजवळ. ही गोष्ट मला फार उपयोगाची वाटते, कारण आपले बहुतेक वाद वरच्या टोकाशी अडकतात. आधी देव आहे की नाही ते ठरवू आणि मग नदीचं बघू, असं म्हटलं तर नदी तोवर राहणार नाही.

आपल्या राज्यघटनेनंही हेच केलं आहे. १९७६ सालच्या ४२व्या दुरुस्तीनं अनुच्छेद ५१क आला, नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा. त्याच्या (छ) या खंडात वनं, सरोवरं, नद्या आणि वन्य जीवसृष्टीसह पर्यावरणाचं रक्षण करणं आणि प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे कर्तव्य सांगितलं आहे. दयाबुद्धी का बाळगायची? घटना कारण देत नाही. आत्मा एकच आहे म्हणून, परमेश्वरानं सृष्टी सोपवली आहे म्हणून, की प्राण्यालाही वेदना होते हे विज्ञानानं दाखवलं म्हणून, ते ज्याचं त्यानं ठरवावं. त्याच अनुच्छेदाच्या पुढच्याच खंडात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवण्याचं कर्तव्य येतं. दोन्ही एकाच यादीत शेजारी शेजारी आहेत आणि घटनेला त्यात विसंगती वाटलेली नाही.

राईवर कायद्याचं कुंपण

आता परत जमिनीवर. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे एक राई आहे, कान्हळाची राई. आत पाय ठेवला की जमीन मऊ लागते, कारण ती गोड्या पाण्याची दलदल आहे. झाडं रानजायफळाच्या कुळातली. खोडाच्या बुडापासून काठ्यांसारखी मुळं तिरकी उतरून चिखलात रोवलेली दिसतात. काही मुळं चिखलातून गुडघा वर काढावा तशी बाहेर येऊन पुन्हा आत जातात. पाण्याखालच्या मातीत हवा नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला अशी मुळं वर काढतं. रानजायफळाची ही दलदल सह्याद्रीच्या दक्षिण भागात आणि गोव्यात थोड्या ठिकाणी उरली आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यातली बांबरची निरंकाराची राई अशीच, तीही देवाचीच. महाराष्ट्रात हे जंगल आहे हे अभ्यासकांना अगदी अलीकडे कळलं. गावाला राई ठाऊक होतीच; तिच्यातली झाडं जगात दुर्मीळ आहेत, ही माहिती बाहेरून आली. जवळपास अडीच हेक्टरचा हा तुकडा पुढे राज्यानं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला.

आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे. त्या परिसरातल्या पाण्यात सापडलेल्या एका चिमुकल्या रंगीत माशाचं नवी जात म्हणून २०२० साली वर्णन झालं, नाव ठेवलं गेलं 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. २०२१ मध्ये ही जागाही वारसा स्थळ झाली. क्षेत्र २.११ हेक्टर.

हे वारसा स्थळ प्रकरण येतं २००२च्या जैविक विविधता कायद्यातून, त्याच्या ३७व्या कलमातून. स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य सरकार अशी जागा घोषित करू शकतं. कायद्यात देवाचा शब्द नाही. पण त्यानं कवेत घेतलेल्या या दोन्ही जागा आधी देवानं राखलेल्या. म्हणजे श्रद्धेनं जागा टिकवली आणि शास्त्रानं तिचं मोल सांगितलं. कायदा आला सर्वांत शेवटी.

मग कायदा हवाच कशाला, देव पुरेसा नव्हता का? नव्हता, किंवा आता राहिलेला नाही. कित्येक राया पूर्वी मोकळ्या होत्या. देवाला छप्पर चालत नाही, तो झाडाखालीच बसतो, अशी समजूत होती. आता जीर्णोद्धार होतो. मुंबई-पुण्याला स्थिरावलेल्या मंडळींची वर्गणी येते, स्लॅब पडतो, चकचकीत टाइल्स लागतात, सभामंडप उभा राहतो, मग गाड्या लावायला जागा लागते, आणि त्या जागेसाठी चार-सहा जुनी झाडं जातात. हे सगळं भक्तीनंच होतं, कुणाच्याही मनात खोट नसते. श्रद्धा वाढते आणि राई आटते. भीती होती तेव्हा राई वाचली, प्रेम वाढलं तेव्हा तिला काँक्रीट मिळालं, असं उद्वेगानं म्हणावंसं वाटतं. पण ते अर्धंच खरं आहे, कारण भीती ओसरली तिथे राई सरपणासाठीही गेलीच.

अशा वेळी धर्मनिरपेक्ष ज्ञान कामाला येतं. संगमेश्वर-देवरुख भागात पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं, एईआरएफनं, गावांबरोबर राया राखण्याचे करार केले. सह्याद्रीतले हिरडे आणि बेहडे रीतसर, झाडाला इजा न करता गोळा करून चांगल्या दरानं परदेशी विकायची वाटही याच संस्थेनं काढली. प्रचंड बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. बेहडा तोडला की ते घरच जातं. आता बेहड्याला फळाचा भाव मिळतो म्हणून तो उभा ठेवणं परवडतं. इथे देव आहे, बाजार आहे, पक्षीशास्त्र आहे. कुणी कुणाला हटवलेलं नाही.

नियमगिरी: न्यायालयात देव

उलटा प्रवास ओडिशात झाला. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांत नियमगिरीचे डोंगर आहेत. डोंगरिया कोंध आदिवासींच्या मते हा नियमराजाचा डोंगर, तोच त्यांचा पूर्वज आणि कायदा देणारा. डोंगरमाथ्यावर बॉक्साइट आहे आणि ते वेदांता कंपनीच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यासाठी हवं होतं.

पर्यावरणवाद्यांचं म्हणणं वेगळ्या भाषेत होतं: माथ्यावरचा थर पाणी धरतो, खाली झरे वाहतात, जंगल सलग आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर तोच वाचवायचा होता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. त्यानं नियमराजा आहे की नाही हे ठरवलं नाही. खाणीमुळे या लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांवर गदा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावं, असं सांगितलं. आधार घेतला तो वनहक्क कायदा २००६चा आणि घटनेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या अनुच्छेदांचा. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका मागून एक बारा ग्रामसभा भरल्या. बाराही ठिकाणी उत्तर 'नाही' असं आलं.

धर्मनिरपेक्ष राज्यानं धर्माच्या जागेला संरक्षण द्यायचं तर त्यासाठी स्वतः धार्मिक व्हावं लागत नाही, हे या निकालातून स्वच्छ दिसतं. प्रश्न फक्त योग्य माणसांना विचारावा लागतो.

विसर्जन आणि बादली

महाराष्ट्रात या विषयावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत गोंगाटाचा वाद अर्थातच गणपतीचा. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही. त्याचा जिप्सम होतो आणि तळाशी थर साचतो, वर रंगांतले धातू. हे कुणी सांगायचं? डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. चळवळ विवेकवाद्यांची, तरी तिनं गणपती बसवू नका म्हटलं नाही. विसर्जन नदीत नको, मूर्ती दान करा, निर्माल्य वेगळं द्या, असं म्हटलं. होळीला "होळी लहान करा, पोळी दान करा". सणाला हात न लावता सणाची रीत बदलायची. तरीही हिंदू सणांवरच का, म्हणून त्यांच्यावर टीका झालीच, आणि ती टीका करणाऱ्यांच्याच घाटावर पुढे महापालिकांनी कृत्रिम हौद आणि निर्माल्य कलश ठेवले. आज कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

दुसरी वाट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आली. बादलीत पाणी घ्या, त्यात अमोनियम बायकार्बोनेट टाका, म्हणजे बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात ती पावडर. मूर्ती त्यात ठेवा. कॅल्शियम सल्फेटचं रूपांतर कॅल्शियम कार्बोनेटमध्ये, म्हणजे खडूसारख्या गाळात होतं, आणि पाण्यात उतरतं अमोनियम सल्फेट, जे शेतकरी खत म्हणून ओळखतो. अमोनियाचा उग्र वास येतो, मधूनमधून ढवळावं लागतं, आणि दोन-तीन दिवसांत मूर्ती विरते. ते पाणी पातळ करून कुंड्यांना घालता येतं. पुणे महापालिकेनं ही पावडर फुकट वाटली. घराच्या गॅलरीत, आरती करून, रसायनशास्त्राच्या साहाय्यानं विसर्जन! श्रद्धा आणि प्रयोगशाळा इतक्या जवळ बसलेल्या मी दुसरीकडे पाहिलेल्या नाहीत.

पण इथेही हिशेब चुकवून चालत नाही. शाडू म्हणजे आपोआप पुण्य असं नाही. तो बहुतांशी गुजरातहून ट्रकांनी येतो, खणून काढलेला असतो, आणि एकाच तळ्यात हजारो शाडूच्या मूर्ती गेल्या तर गाळ साचतोच. पेणच्या कारखान्यांत पीओपीवर पोट असलेली हजारो माणसं आहेत, त्यांचं काय? २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा वाद गाजला. शेवटी पीओपीच्या मूर्ती करायला मोकळीक मिळाली, पण सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या, असं ठरलं. उंच मूर्तींना सवलत. नदीला मूर्तीची उंची कळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

वसईचा फादर, व्हॅटिकनचा शास्त्रज्ञ

ही सगळी उदाहरणं हिंदू किंवा आदिवासी परंपरेतली झाली. ख्रिस्ती परंपरेवर याबाबत मोठा आक्षेप होता. १९६७ साली अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की आजच्या पर्यावरणीय संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, कारण बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला सृष्टीवर सत्ता दिली आहे. त्याच लेखात त्यांनी तोडगाही धर्मातूनच सुचवला: आसिसीच्या संत फ्रान्सिसना पर्यावरणाचे आश्रयदाते संत मानावं. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते खरोखरच जाहीर केलं. टीकाकाराची सूचना इतकी सरळ अमलात आल्याची उदाहरणं कमीच असतील.

२०१५ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक आलं. ते फक्त कॅथलिकांना उद्देशून नाही, पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून आहे. सत्ता म्हणजे मालकी नव्हे, राखण, असं ते बायबलमधूनच दाखवतं. हवामानबदल माणसामुळे होतो हे शास्त्रज्ञांचं म्हणणं ते स्वीकारतं. प्रकाशनाच्या वेळी मंचावर जर्मन हवामानशास्त्रज्ञ हान्स योआखिम शेल्नहूबर होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी हवामानावरचा जाहीरनामा काढला, आणि डिसेंबरात पॅरिस करार झाला.

आपल्याला मात्र व्हॅटिकनपर्यंत जायची गरज नव्हती. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हे बरंच आधी करून दाखवलं होतं. केळीच्या बागा, पानमळे, विहिरी असलेल्या त्या पट्ट्यावर मुंबईची इमारतींची लाट येऊ लागली, गोड्या विहिरींचं पाणी टँकरनं विकलं जाऊ लागलं, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते पुढे होते. मोर्चात कॅथलिक होते, हिंदू होते, समाजवादी होते. मागणी विहिरीतल्या पाण्याची आणि शेतजमिनीची होती. फादर झगा घालून निघाले म्हणून कुणी तिला धार्मिक म्हटलं नाही. पुढे २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

जिथे जमत नाही

सगळं असं जुळून येतं, असं वाटायला लागलं असेल तर थांबायला हवं. पहिली अडचण नदीची. देवराईत पावित्र्यामुळे माणूस लांब राहतो, नदीत पावित्र्यामुळे माणूस आत उतरतो. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो, त्यामागे कारखान्यांचं आणि वरच्या शहरांचं सांडपाणी आहे. वारकरी त्यातच स्नान करतात, कारण श्रद्धेच्या लेखी नदी मैली होऊच शकत नाही. इथे श्रद्धेला सांडपाण्याची चाचणी उसनी घ्यावीच लागेल.

दुसरी अडचण धर्मनिरपेक्ष बाजूची. १९८९ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी डीप इकॉलॉजीवर सडकून टीका केली. निसर्गाला स्वतःचं मोल आहे हे सूत्र भारतासारख्या देशात जसंच्या तसं आणलं की त्याचा अर्थ होतो अभयारण्य, आणि अभयारण्याचा अर्थ होतो तिथल्या माणसांना बाहेर काढणं. निसर्गप्रेम श्रीमंतांचं आणि किंमत गरिबांनी मोजायची. गुहांचं म्हणणं मला आजही पटतं.

ही अडचण जुनी झालेली नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या ओरणांबद्दल निकाल दिला. ओरण म्हणजे देवाच्या नावानं सोडलेली वनं आणि चराऊ कुरणं. न्यायालयानं राजस्थान सरकारला त्यांचं सर्वेक्षण करून वन म्हणून नोंद करायला सांगितलं, केंद्रालाही देशभरच्या देवरायांसाठी धोरण करायला सुचवलं. निकालात भगवद्गीतेचा दाखलाही आहे. पर्यावरणवाद्यांना आनंद झाला. पण राजस्थानातले अनेक गुराखी धास्तावले, कारण ओरण 'वन' ठरली की वनखातं येणार, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरणाऱ्या उंट-मेंढ्यांना, डिंक आणि केर-सांगरीसारखी रानफळं-शेंगा वेचणाऱ्या बायकांना कोण विचारणार? देवाच्या नियमात चराईला जागा होती. खात्याच्या नियमात ती राहील का?

महाराष्ट्रातही देवराई कुणाच्या नावावर आहे हे गावागणिक वेगळं निघतं. काही वनखात्याच्या, काही महसूल खात्याच्या, काही खासगी, तर सिंधुदुर्गात अनेक देवस्थानांचा कारभार कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे. म्हणून राई राखायची असेल तर पहिलं काम सातबारा बघण्याचं. जमीन वनखात्याची असेल आणि गाव तिथे वहिवाट दाखवू शकत असेल, तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) खाली सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क ग्रामसभा मागू शकते. कलम ५ तिला नैसर्गिक आणि सांस्कृतिक वारशाचं रक्षण करण्याचे अधिकार देतं. जमीन कुणाचीही असली तरी ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोकजैवविविधता नोंदवहीत राईतली झाडं, झरे आणि तिचे नियम लिहू शकते. कौल कुणी लावायचा, काटकी का उचलायची नाही, कोणत्या सणाला काय तोडता येतं, हेही त्याच नोंदवहीत बसतं. खूप गावांत ही वही एखाद्या एजन्सीनं शेजारच्या गावाची नक्कल मारून भरलेली असते. ती पंचायतीत जाऊन मागून बघावी, आणि राईचं पान कोरं असेल तर गुरवाला आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना एकत्र बसवून ते भरून घ्यावं.